रंगीत काचेची तावदानं आत फुगली आहेत, सागवानी झडपा कुजल्या आहेत : दुरुस्ती की बदल?

गिरगावकर
दक्षिण मुंबईतलं १८८०च्या सुमाराचं वाचनालय, वारसा इमारतींच्या यादीत श्रेणी २-अ. दगडी कमानीत वर शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली रंगीत काच, खाली साध्या काचेच्या सागवानी झडपा. वरची तीन तावदानं आत फुगली आहेत आणि पावसात गळतात. झडपा खालून कुजल्या आहेत, पितळी कड्या हलत नाहीत. कंत्राटदार म्हणतो, ॲल्युमिनियमच्या चौकटी बसवू आणि फटी सिलिकॉनने भरू.

काचकाम
सिलिकॉन अजिबात नको. ते रंगीत काचेला असं चिकटतं की पुढे पॅनेल (शिशाच्या पट्ट्यांत जोडलेलं अख्खं तावदान) उतरवताना काच फुटते, आणि आत शिरलेलं पाणी अडकून राहतं.

आधी आडव्या लोखंडी सळया बघा. पॅनेल त्यांना तांब्याच्या तारांनी बांधलेलं असतं. शिसं उन्हाने प्रसरण पावतं, पट्ट्यांतला मसाला (काच आणि शिसं यांच्यामधला भराव) वाळून गळतो, तारा तुटतात आणि पॅनेल स्वतःच्या वजनाने वाकतं. काचेला तडा नसेल, हलकं दाबल्यावर ती खुळखुळत नसेल आणि फुगवटा दीड इंचाच्या आत असेल, तर नव्या तारा डाख देऊन बांधा आणि तेवढ्यावर थांबा. पॅनेल उगाच उतरवणं हेच सगळ्यात मोठं नुकसान.

उतरवावंच लागलं तर जागेवर दाबून सरळ करू नका, काच तडकेल. आधी फोटो, मग कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा, प्रत्येक तुकड्याला क्रमांक. सपाट फळीवर ठेवून जुना मसाला काढा आणि हलकी वजनं ठेवून काही दिवसांत सावकाश बसू द्या. नवा मसाला खडूची भुकटी, जवसाचं तेल, थोडं टर्पेंटाइन आणि काजळी यांचा. काचेवर भाजलेलं रंगकाम असेल तर अमोनिया किंवा व्हिनेगर लावू नका. शुद्ध पाणी आणि कापूस पुरे.

गिरगावकर
सळयांची टोकं दगडात आहेत आणि तिथेच दगडाचे टवके उडालेत. कारण तेच असेल का?

चुनाकाम
तेच. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो दगड आतून फोडतो. पोरबंदरच्या मऊ दगडात हे फार लवकर होतं. टोकं काढून ३१६ प्रतीच्या स्टेनलेसच्या किंवा ब्राँझच्या सळया घाला. समुद्राच्या हवेत ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवर डाग पडतात. भोक चुन्याच्या गिलाव्याने भरा. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, ओल त्याच्या कडेने दगडात उतरते आणि पुढचा टवका तिथेच निघतो.

सागकाम
जुना साग टाकू नका, आज त्या प्रतीचं लाकूड मिळणं अवघड आहे. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापा आणि जुन्याच सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी जाडीच्या निदान तिप्पट, उतार बाहेरच्या बाजूला. सागात तेल असतं, म्हणून एपॉक्सी लावण्याआधी सांधा ॲसिटोनने पुसा, नाहीतर वर्षभरात उकलेल. खालच्या पट्टीच्या तळाला सहा मिमीची खाच ठेवा म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल. ही खाच रंगाने बुजली की झडपा कुजू लागतात.

साध्या काचांना घरगुती पुट्टी चालते : एक किलो खडूच्या भुकटीला दीडशे ते दोनशे ग्रॅम जवसाचं तेल. आधी लाकडाच्या खाचेला तेलाचा हात द्या, नाहीतर कोरडं लाकूड पुट्टीतलं तेल शोषून घेतं आणि तिला भेगा पडतात. रंग दोन-तीन आठवड्यांनी. जुना रंग घासताना ओला करूनच घासा, त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी आहे.

कड्यांना यंत्राने पॉलिश नको, कडा आणि नक्षी झिजते. धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात त्यांच्यावर साचलेला रंग सुटतो. पितळी स्क्रू मऊ असतो : आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून काढा, मग मेण लावून पितळी बसवा. नाहीतर डोकं तुटून आत राहतं.

काचकाम
अजून एक. खिडक्या दर्शनी भागात मोडतात. महापालिकेकडे प्रस्ताव द्या, तो वारसा संवर्धन समितीपुढे जाईल. त्यात ‘बदल’ न लिहिता ‘आहे त्याच साहित्यात दुरुस्ती’ असं लिहा आणि प्रत्येक खिडकीचं रेखाचित्र जोडा. काम मात्र ऑक्टोबरनंतरच काढा, उघडी कमान पावसात ठेवू नका.