‘वारसामूल्य : बेताचे’ – चालेल का?

जुनाखांब :
पार्ल्याला आजोबांनी १९२६ साली बांधलेलं घर आहे. खाली तीन खोल्या, वर माडी, पुढे व्हरांडा, मंगलोरी कौलं. ठेवायचं की विकायचं हे ठरायच्या आधी एका वास्तुरचनाकाराकडून अहवाल घेतला, तो इंग्रजीत. भावंडांसाठी गोषवारा करताना ‘हेरिटेज व्हॅल्यू : मॉडेस्ट’चं मी ‘वारसामूल्य : बेताचे’ केलं. दुसऱ्या दिवशी आत्याचा फोन. “अरे, बेताचं म्हणजे माझ्या वाट्याला नक्की किती?” दुसरा शब्द सुचवा.

अक्षरगणेश :
आत्यांचं चुकलं कुठे? वारसहक्क, वारस दाखला, सातबाऱ्यावर वारस लावणे. हा तलाठ्याच्या दप्तरातला शब्द. त्यात ‘मूल्य’ म्हटलं की माणूस किंमतच ऐकतो. सरळ ‘महत्त्व’ लिहा.

व्युत्पन्न :
‘वारसा’ मुळात अरबी. वाडवडिलांकडून आलेल्या धनाला आपला ‘दाय’ असताना ही उसनवारी कशाला? ‘सांस्कृतिक दाय’ लिहा.

तिखटमीठ :
दाय वाचून आत्या थेट वकील गाठतील. शिवाय वाटणीच्या जुन्या हिंदू कायद्यात दायभाग बंगालचा, आपल्याकडे मिताक्षरा. हां, ‘बंगला’ हा शब्दही बंगालचाच, तेव्हा जोडी शोभेल. तिकडच्या झोपडीचं वाकलेलं छप्पर विष्णुपूरच्या १६५५च्या जोडबंगला मंदिरावर विटांत उतरलंय. साहेबाने नाव उचललं, छप्पर तिथेच ठेवलं.

कौलारू :
छपरावरून आठवलं. मंगलोरी कौलांचा कारखाना मंगळूरला १८६५ साली बाझेल मिशनने काढला. म्हणजे नाव बंगाली, कौल मिशनऱ्यांचं, व्हरांडा पोर्तुगीज. माझ्या मते अशा घराचं महत्त्व या सरमिसळीतच आहे. १८९६च्या प्लेगनंतर गर्दीतून बाहेर पडायला बघणाऱ्या कारकून-मास्तरांनी ऐपतीत बसेल ते जमवलं. राजवाडा काय, कोणीही जतन करेल.

व्युत्पन्न :
व्हरांडा पोर्तुगीज नव्हे. संस्कृतात ‘वरण्डक’ आहे : झुंजणाऱ्या दोन हत्तींमधला बांध.

तिखटमीठ :
वाटणीच्या दिवशी भावंडांना तिथेच बसवा.

कौलारू :
हत्ती राहू द्या. पोर्तुगिजांनी तो शब्द इथून नेला की इथे आणला, यावर कोशकारांचंच एकमत नाही.

फडताळ :
पेपरवाले ‘पुरातन वारसा’ लिहितात त्याचं काय? मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीत इमारतींच्या तीन श्रेण्या आहेत. तिसरीत परिसराचं रूप ठरवणाऱ्या साध्या इमारतीही येतात. १९२६ पुरातन? माझे काका त्याच सालचे होते, त्यांना कोणी पुरातन म्हटलेलं खपलं नसतं. आणि तीन खोल्या नि माडी म्हणजे बंगला नव्हे, टुमदार बंगली.

अक्षरगणेश :
आमच्या आजोळी स्लॅब पडला की बंगला, कौलं असेतो घर. आकाराचा संबंध नाही.

जुनाखांब :
आत्या ‘घर’च म्हणते. बंगला म्हणणारे फक्त दलाल. तूर्त ‘जुनी वास्तू म्हणून महत्त्व : बेताचे’ लिहिलंय. ‘बेताचे’वरून आता धाकटा चिडलाय, ‘मध्यम’ लिही म्हणतो. दोन्हींत फरक आहे ना?

व्युत्पन्न :
वरण्डकाचं उत्तर कोणी दिलं नाही.

फडताळ :
व्हरांडा सोडा. कोकणात त्याला ओटी म्हणतात की पडवी? आमच्याकडे पडवी बाहेरची, ओटी आतली.

कौलारू :
उलट असणार. ओटी उंच, म्हणून ती पुढेच.