एलसीएची प्रत काढून बघा

अमेरिकेत टॅक्स भरताना डब्ल्यू-टू (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा फॉर्म) मिळाला नसेल तर ईआयएनसाठी (कंपनीच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कर-क्रमांकासाठी) एचआरच्या मागे लागण्याशिवाय इलाज नाही, असं एकाने म्हटलंय. एचवनबीवर (नोकरीच्या व्हिसावर) असलेल्यांच्या बाबतीत हे पटत नाही. तुमच्या पिटिशनचा (कंपनीने व्हिसासाठी केलेल्या अर्जाचा) एलसीए, म्हणजे त्यासोबतचा कामगार खात्याचा फॉर्म, काढून बघा. कंपनीचं नाव-पत्ता ज्या भागात आहे तिथेच एफईआयएनचा (म्हणजे ईआयएनचाच) रकाना असतो: दोन आकडे, मधे रेघ, मग सात आकडे. ही प्रत कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत आपल्याला देणं कंपनीला बंधनकारक आहे, म्हणून ती घरच्या फाइलीत असण्याची शक्यता बरीच.

माझी पहिली कंपनी, एक कंसल्टन्सी, मार्च उजाडला तरी फोन उचलत नव्हती. फार घालमेल झाली तेव्हा. पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) ईआयएन नव्हता. शेवटी आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) फोन करून तक्रार नोंदवली (फेब्रुवारी संपल्यावर ती घेतात), तरी डब्ल्यू-टू आला नाही. मग एलसीएवरचा नंबर आणि शेवटच्या पे-स्टबवरचे वर्षभराचे आकडे घेऊन डब्ल्यू-टूऐवजी चालणारा ४८५२ फॉर्म भरला. त्यामुळे डिसेंबरची शेवटची पे-स्टब कधीही टाकू नका, कळकळीने सांगते.

मधल्या काळात कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली असेल तर मात्र नंबर बदललेला असू शकतो. आणि डब्ल्यू-टू हातात आलाच, तर ईआयएन बी चौकटीतला घ्यायचा. १५ व्या चौकटीतला नंबर राज्याचा असतो, फेडरल नव्हे.