शाळेच्या गेटवर नक्की काय पाहिजे? (सांगली)

विश्रामबागकर: बहीण अमेरिकेत असते, तिच्या पोराच्या शाळेत लॉकडाऊन ड्रिल असतं, लाईट बंद करून दार लावून कोपऱ्यात गप बसायचं. आपल्याकडं बंदुकीचं तेवढं भय नाही पण आमच्या शाळेत गेटवरचे मामा पाण्याला गेले की कुणीबी सरळ आत जातंय. पालक मीटिंगमध्ये काय मागावं?

कृष्णाकाठ: 2022 ला अमेरिकेत युवाल्डीच्या शाळेत गोळीबारात 19 पोरं आणि 2 शिक्षिका गेल्या, बाहेरचं दार ओढून घेतलेलं पण लॉकच लागलं नव्हतं. मेटल डिटेक्टर राहू दे, आधी कड्या-कुलपं बघा.

मिरजवाली: बदलापूरच्या शाळेत पोरींवर अत्याचार झाला त्यानंतर ऑगस्ट 2024 च्या जीआरनं कॅमेरे सक्तीचे केलेत, पण फुटेज बघतं कोण ते विचारा की. सखी सावित्री समिती (पोरांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) बसते का नुसती बोर्डावर नावं? तक्रारपेटीची किल्ली कुणाकडं असते तेपण.

रिटायर्ड मास्तर: तिकडच्या बऱ्याच केसमध्ये गोळीबार करणाऱ्या पोरानं आधी कुणाला तरी बोलून दाखवलेलं असतं. म्हणून सोबतचं पोरगं काय सांगायला आलं तर चहाडखोर म्हणून हाकलू नका. 1098 हा पोरांच्या मदतीचा हेल्पलाईन नंबर वर्गावर्गात मोठा लिहून घ्या.

विश्रामबागकर: बरोबर मास्तर. मंगळवारी मीटिंग आहे, पहिलं किल्लीचंच विचारतो.