पुण्यात आयटी अप्रेंटिसशिप मिळाली आहे, जाऊ का? (बीसीए, दारव्हा तालुका)

दारव्ह्याचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. यंदा बीसीए झालो, तालुक्याच्याच कॉलेजातून. एका मोठ्या कंपनीत ग्रॅज्युएट अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार म्हणून निवड झाली आहे. १२ महिने, हिंजवडी, महिना १५ हजार. दिवाळीनंतर रुजू व्हायचं आहे.

घरी चार एकर कोरडवाहू. सोयाबीन निघालं, पण कपाशीची वेचणी ऐन तेव्हाच सुरू होते आणि मजूर मिळत नाही. बाबा म्हणतात, "शिकवायचे पैसे घेतात हे ऐकलं होतं, शिकायचे पैसे देतात म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय." मामा म्हणतो पोलीस भरती कर. गावातल्या सेतू केंद्रात सध्या ७ हजारांवर बसतो आहे.

तिथं खरंच काही शिकवतात की नुसतं राबवून घेतात? पुढे नोकरी देतात का? १५ हजारांत पुण्यात भागतं का? आणि इंग्रजी माझं यथातथाच. ज्यांनी केलं आहे त्यांनीच सांगावं, ही विनंती.

तर्रीवाला
जाय ना बे! सेतूत बसून सातबारे काढून काढून काय होणार हाय? माहा चुलतभाऊ असाच इचार करत बसला, आता दोन वर्षं झाले तरी इचारच करून राह्यला.

वणीकर
आधी कागद, मग पुणे. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. इंजिनिअरिंग सोडून इतर पदवीधरांनाही त्यात २०१४ च्या दुरुस्तीनंतर घेऊ लागले. त्यामुळे तुमच्या बाबांना सांगा, पाणी मुरत नाही. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिना किमान ९ हजार स्टायपेंड (विद्यावेतन) ठरला आणि नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत त्या किमान रकमेचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. कंपनीला स्वस्तात हात मिळतात, तुम्हाला आत शिरायला मिळतं. व्यवहार आहे, उपकार कोणाचेच नाहीत.

नॅट्सच्या पोर्टलवर तुमच्या नावाचा करार चढला आहे का, हे एचआरला विचारा. करार नसेल तर ते नुसतं 'ट्रेनी' असू शकतं, आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळणार नाही. बँक खातं आधारला जोडून ठेवा, सरकारचा वाटा थेट खात्यात येतो. आणि कोणी लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा 'रजिस्ट्रेशन फी' मागितली तर फोन ठेवून द्या. अप्रेंटिसकडून पैसे घ्यायचेच नसतात.

निवृत्त_मास्तर
ही ती सरकारी कार्य प्रशिक्षण योजना का? आमच्या ग्रामपंचायतीत एक मुलगी त्यात होती.

वणीकर
नाही गुरुजी, ती वेगळी. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ची, राज्य सरकारची, पदवीधराला १० हजार. तिचा अप्रेंटिस कायद्याशी संबंध नाही. नावं सारखी वाटतात म्हणून तहसीलमध्ये सुद्धा घोळ होतो.

कपाशी_ते_कोड
मी धामणगावकडचा. असंच एक वर्ष काढलं आहे, पुण्यातच, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले तीन आठवडे काहीच नाही. लॅपटॉप, ओळखपत्र, व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) चालू होईपर्यंत चार दिवस, मग ऑनलाइन कोर्सेस. ग्राहकाची माहिती बाहेर जाऊ देऊ नये, अनोळखी ईमेलवर क्लिक करू नये, असले व्हिडिओ बघून डोळे जड व्हायचे. आपली फसवणूक झाली असं तेव्हा वाटलं होतं.

मग सर्व्हिस डेस्कवर टाकलं. म्हणजे ग्राहक कंपनीतल्या कोणाचा पासवर्ड विसरला, प्रिंटर चालेना, आउटलुक उघडेना, की तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आपल्याकडे. किती वेळात उचलायचं, किती वेळात सोडवायचं, हे ठरलेलं. पहिला फोन परदेशातल्या बाईंचा होता. माझा आवाज असा कापत होता की त्यांनीच मला धीर दिला. इंग्रजीचं सांगायचं तर फोनवर लागणारी वाक्यं तीस-चाळीसच असतात, महिनाभरात ती तोंडात बसतात. खरं इंग्रजी लागतं ते तिकिटात लिहायला: काय बिघडलं, मी काय तपासलं, काय केलं. तुझं तिकीट उद्या दुसऱ्या शिफ्टचा पोरगा वाचणार असतो. त्याला कळलं नाही तर तो तुला रात्री फोन करतो, आणि मग तू आपोआप नीट लिहायला लागतोस.

शिकलो कसं, तर एका लॉक होणाऱ्या खात्यामुळे. एका साहेबांचं खातं रोज सकाळी लॉक व्हायचं. आम्ही रोज उघडून द्यायचो, तिकीट बंद, आकडा वाढला, सगळे खूश. एक दिवस सीनियर ताईंनी विचारलं, "हे लॉक का होतं ते कोणी बघितलं का?" त्यांनी मला शेजारी बसवून डोमेन कंट्रोलरच्या (सगळ्यांचे पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, चुकीचा पासवर्ड कुठून येतो ते दाखवलं. साहेबांनी पासवर्ड बदलला होता, पण त्यांच्या जुन्या टॅबमध्ये मेलला जुनाच राहिला होता. तो टॅब बिचारा दार ठोठावत राहायचा. त्या दिवसापासून मी दुपारी जेवण झालं की जुनी बंद तिकिटं वाचायला लागलो. कोणी सांगितलं नव्हतं. सहाव्या महिन्यात लॉक झालेल्या खात्यांची यादी काढणारी पॉवरशेलची (विंडोजला हुकूम द्यायची भाषा) दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. अर्धी इंटरनेटवरून उचललेली होती, पण चालली.

आता दुसरी बाजू. आमच्या तुकडीतल्या एकाला पाच महिने एक्सेलमधून एक्सेलमध्ये आकडे उतरवायला बसवलं. मॅनेजर चांगला होता, पण त्याला तेवढंच काम करून घ्यायचं होतं. पोरगं लाजाळू, बोललंच नाही. बोलल्यावर आठ दिवसांत टीम बदलली. तेव्हा पहिल्याच महिन्यात विचार, की माझ्या करारात कोणतं प्रशिक्षण लिहिलं आहे आणि मी ते करतो आहे का. उद्धट दिसशील ही भीती सोड. शहरातली पोरं दुसऱ्या दिवशीच विचारतात.

नोकरीचं: वर्ष संपल्यावर घेतलंच पाहिजे असं कंपनीवर बंधन नसतं. आमच्यातल्या काहींना घेतलं, मला नाही घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत केला आणि धामणगावला येऊन आठ दिवस शेतातच होतो. पण पुढच्या मुलाखतीत 'खातं का लॉक होतं' हा प्रश्न आला, आणि मी टॅबची गोष्ट सांगितली. आता नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत आहे, सुटीच्या दिवशी घरी जेवतो.

पैसे: वाकडला तिघांत खोली, माझ्या वाट्याला ४५०० भाडं, मेस ३२००, बस आणि मोबाईल धरून १० हजारांत बसायचं. पण डिपॉझिट आणि पहिला महिना घरूनच न्यावा लागतो, कारण पहिला स्टायपेंड उशिरा येतो. निदान २० हजार हाताशी ठेव. त्या पैशांसाठी कापूस विकायची घाई मात्र करू नका. मेसची भाजी गोड असते, ते सोसावं लागेल.

रोखठोक_अकोला
एवढं गोड चित्र नको. पीएफ नाही, कामगार म्हणून हक्क नाहीत, काम मात्र पूर्ण पगारवाल्याचंच. काही एचआर हे वर्ष अनुभवात धरतही नाहीत.

कपाशी_ते_कोड
पीएफचं खरं आहे. अनुभवाचंही, काही धरतात, काही नाही. म्हणून बाहेर पडताना प्रमाणपत्राबरोबर कोणत्या कामावर होतो ते लिहिलेलं पत्र मागून घ्यायचं. मी मागायला विसरलो, नंतर तीन महिने ईमेल करत बसलो.

चिखलीची_मी
मी डिप्लोमावाली, त्यामुळे स्टायपेंडचा कायदेशीर किमान आकडा ८ हजार होता. माझा प्रश्न पैशांचा नव्हता, रात्रपाळीचा होता. आजीने तीन दिवस अबोला धरला. मग कंपनीची गाडी दारापर्यंत सोडते हे वडिलांनी स्वतः पुण्याला येऊन, रात्री साडेअकराला फाटकावर उभं राहून बघितलं, तेव्हा कुठं जमलं. भाऊ, तुझ्या बाबांनाही एकदा घेऊन जा. फोनवर सांगून त्यांना पटणार नाही.

अजून एक. करार वाचताना बाँड (ठरलेली वर्षं सोडून जायचं नाही अशी अट) आहे का ते बघ. विप्रोसारख्यांचा काम करत एमटेक करायचा कार्यक्रम आहे बीसीए-बीएस्सीवाल्यांसाठी, त्याला पाच वर्षांचा करार असतो. तो वाईट नाही, पण वेगळा आहे. दोन्हीची गल्लत करून सही करू नकोस.

तर्रीवाला
अन् पोलीस भरतीचं काय? मामाले नाराज करून पुण्याले जाशील तर दिवाळीले फराळ नाई भेटणार 😄

दारव्ह्याचा_पोट्टा
सगळ्यांचे आभार. काल एचआरला फोन केला. नॅट्सचा करार आहे, बाँड नाही, पैसे मागितले नाहीत. काम विचारलं तर 'इन्फ्रा सपोर्ट' म्हणाले, म्हणजे कॉम्प्युटर-सर्व्हर चालू ठेवायचं. बाबांना टॅबची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे कोणाचा टॅब दार ठोठावतो ते बघायला दहा माणसं ठेवतात?" पण हसले. वेचणीला आत्याचा मुलगा येतो म्हणाला आहे.

आता एकच अडचण. वाकडला ओळखीचं कोणी नाही. यवतमाळहून ट्रॅव्हल्सने यावं की बडनेऱ्याहून गाडीने?

कपाशी_ते_कोड
दिवाळीनंतर परतीची गर्दी असते, ट्रॅव्हल्सवाले दुप्पट घेतात. धामणगावला ये, महाराष्ट्र एक्सप्रेस थांबते. आरक्षण आजच कर. माझ्या जुन्या खोलीत एक खाट रिकामी आहे, दोघं पुसदचे आहेत. गादी तिथं आहे. चादर, बादली आणि तिखटाचा डबा आण.