पिंपळे सौदागर आधी कसं गाव होतं? शेतं, शिवार, जुने कागद, कुणाला माहितीये का

पाचवा_मजला
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्याजवळ पिंपळे सौदागरला राहायला येऊन अकरा वर्षं झाली. लेक सहावीत आहे, शाळेने त्याला परिसराची माहिती लिहून आणायला सांगितलीये आणि त्याच्याबरोबर लिहायला बसले तर मला भाजीवाले, दवाखाने, क्लास सगळं सांगता आलं पण हे गाव कुठून आलं ते एक ओळ सांगता येईना, खरंच वाईट वाटलं. नेटवर शोधलं की नुसते फ्लॅटचे भाव येतात.
मला विचारायचंय ते असं की इथे पिकायचं काय? गाव किती जुनं? आणि एक गोष्ट कधीपासून डोक्यात आहे, आमच्या सोसायटीची जागा रुंदीला कमी आणि लांबच लांब अशी पट्टी आहे, शेजारच्या सोसायटीची पण तशीच, मधला रस्ता सरळ येता येता एकदम वळतो. असं का असेल? जुन्या लोकांनी सांगितलं तर फार बरं होईल.

साखळी_३३फूट
ताई, माझी सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली म्हणून आधी पट्टीचं सांगतो. ती पट्टी बहुतेक कुणाच्या तरी घरातली वाटणी आहे. नदीकाठच्या गावात जमीन एकसारखी नसते, पवनेच्या बाजूला काळी, खोल, ओल धरणारी आणि वर चढत गेलं की मुरमाड माळ. आता बाप गेल्यावर तीन भाऊ वाटणीला बसले तर नुसता मुरूम कोण घेईल? मग प्रत्येकाला काळीतलं पण आणि मुरमातलं पण असं लांबीत कापायचं. पुढच्या पिढीला त्याच पट्टीची अजून तीन फाडी. बांध पडले, बांधाच्या कडेने गाडीवाट पडली, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच गाडीवाटेवर पुढे डांबर आलं. रस्ता एकदम वळतो तिथे जुन्या कुणाच्या तरी शेताचा कोपरा असणार, मी कितीतरी गावांत हेच बघितलंय.

आणि तुमच्या गावाची गोष्ट तर साधी नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मान यांनी याच पिंपळे सौदागरचा घर न घर अभ्यास केला आणि १९१७ साली तो छापून आला. हिंदुस्थानात एका गावाचा इतका बारकाईने आर्थिक हिशोब तोवर फार कुणी केलेला नव्हता. पेशवाईतल्या जुन्या कागदांपासून त्यांनी जमिनीचा माग काढला. १७७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर, १८१८ ला साडेसतरा, पुढे १८२० ते ४० च्या दरम्यान १४ आणि १९१४-१५ ला फक्त ७ एकर. खातेदार होते १५६ आणि त्यांचे तुकडे सातशेच्या वर! कितीतरी तुकडे एक एकराच्या पण आतले. अर्थशास्त्र शिकणाऱ्या पोरांना हे आकडे अजून पुस्तकात येतात, पण ते आपल्या बसस्टॉपच्या मागच्या जमिनीचे आहेत हे इथे राहणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

१९४७ चा तुकडेबंदी कायदा आला तो याच दुखण्यावर. तुकडे जोडायचे म्हणून एकत्रीकरण झालं आणि जिथे ते झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले.

पवनाकाठचा
मी इथलाच, गावठाणातला. वाचून अंगावर काटा आला, आमच्या घरात हे मान साहेबाचं कुणालाच माहीत नव्हतं.
ताई पिकायचं काय ते मी सांगतो. माळाला बाजरी, बाजरीत तुरीचे तास, काळीत रब्बीची ज्वारी आणि हरभरा, विहीर असली तर गहू, मेथी, कोथिंबीर, वांगी. आजोबांच्या वेळेला मोट होती, मग इंजिन आलं, मग मोटर. पलीकडे मावळात गेलं की भात, कारण लोणावळ्याला पाऊस चार हजार मिलिमीटरच्या वर आणि पुण्यात येईपर्यंत तो सातशेवर येतो, आम्ही मधोमध. म्हणजे भाताला पाऊस कमी पण शिरूर बारामतीसारखी होरपळ पण नाही. वर मावळात धरण झाल्यावर नदी बारमाही झाली असं वडील सांगायचे, त्याआधी उन्हाळ्यात पात्रात झरे उकरायचे.
आजी म्हणायची खडकीच्या फॅक्टरीच्या भोंग्यावर भाकरी थापायची. घरटी एखादा माणूस तिकडे कामाला, चालत जायचा, आणि दूध सायकलवर खडकी दापोडीला. शेतावर सगळं घर कधीच चाललं नाही आमचं, आणि मला लहानपणी वाटायचं की आम्हीच तेवढे गरीब.

जातेगावकर
थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. ४० वरून ७ एकर हे खरं आहे पण त्यावरून पेशवाईत सगळे सुखात होते असं मुलाच्या वहीत लिहू नका. तो हिशोब खात्यावरच्या मालकीचा आहे, कसतो कोण ते वेगळं. एकाची मालकी आणि दुसऱ्याची वहिवाट, अर्धलीने म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर किंवा ठरलेल्या खंडाने केलेली जमीन, हे गावोगाव चालायचं. थळकरी म्हणजे मिरासदार, त्याची जमीन वंशपरंपरेची, आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा, त्याच्या नावावर काहीच नाही. सरासरीत उपरी दिसतच नाही! शेतावर राबणारी आणि गावकीची कामं करणारी महार मांग कुटुंबं तर अजून मागे राहतात.

दुसरं म्हणजे पवनाकाठचा म्हणतो तीच गोष्ट मान यांना पण दिसली होती. त्यांनी कुटुंबांचे तीन गट केले, नुसत्या जमिनीवर भागतं ते, जमीन अधिक बाहेरची मजुरी मिळून भागतं ते, आणि दोन्ही करून पण भागत नाही ते. सगळ्यात जास्त घरं तिसऱ्या गटात. तेव्हा भाऊ, तुमचं एकट्याचं घर नव्हतं ते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, म्हणजे इथला शेतकरी शंभर सव्वाशे वर्षांपूर्वीच अर्धा कामगार झालेला होता. मग हे गाव शहराच्या फारच जवळचं पडलं म्हणून मान आणि त्यांचे सहकारी कानिटकर यांनी दुसरं गाव घेतलं, आमचं शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक, तो अभ्यास १९२१ चा. कोरडवाहू, लांबचं, आणि तिथली अवस्था जास्तच वाईट निघाली. कर्ज तर दोन्हीकडे.

आपल्या पुण्याच्या आजूबाजूची गावं या बाबतीत नशीबवान आहेत. थॉमस कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८१९-२० च्या सुमाराला लोणीचं वर्णन लिहिलं, पेशवाई बुडून दोनच वर्षं झालेली. ते लोणी म्हणजे नगर रस्त्यावरचं लोणीकंद, आणि समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरचं लोणीकंद पुन्हा अभ्यासलं.

साखळी_३३फूट
उपरीचा मुद्दा बरोबर आहे, मी सोडून दिला होता.
ताई, कागदांचं राहिलं. सातबाऱ्यापासून सुरुवात करा, मग त्यावरच्या फेरफार नंबरांनी एकेक करत मागे जायचं. वारस, वाटणी, खरेदी, बहिणींची हक्कसोड, सगळं फेरफारात सापडतं. बरेच जुने कागद आता स्कॅन झालेत, आपले अभिलेख म्हणून सरकारी साईट आहे. फाळणी नकाशा मिळाला तर वाटण्या डोळ्याने दिसतात. त्याच्या मागे गेलात की मोडी लागते, पेशवे दफ्तर पुण्यातच आहे पण मोडी वाचणारा माणूस सोबत पाहिजे.
मुलाला एक करायला सांगा. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. दोरी घेऊन आखून बघा, आकड्यापेक्षा लवकर कळतं.

पाचवा_मजला
सगळ्यांचे मनापासून आभार, मी दोनदा वाचून काढलं आणि लेकाला पण वाचून दाखवलं. काल रविवारी आम्ही खाली पार्किंगमध्ये सुतळी घेऊन ३३ बाय ३३ आखलं, त्यात आठ गाड्या बसल्या. मग तो म्हणाला सात एकर म्हणजे असे २८० चौकोन, पण आई ते एका जागी नव्हते ना, मग बैल घेऊन इकडून तिकडे जाण्यातच किती वेळ जात असेल. मला हे सुचलंच नव्हतं.
संध्याकाळी गावठाणात पण जाऊन आलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम.
पवनाकाठचे दादा, तुमच्या आजोबांची मोटेची विहीर कुठे होती ते सांगाल का? बुजवली असली तरी चालेल, त्याला नकाशात ती जागा दाखवायचीये.

पवनाकाठचा
सांगतो की. बुजवलीये, वर गार्डन आहे आता, पण थारोळ्याचा, म्हणजे मोटेचं पाणी जिथे ओतलं जायचं तिथला, दगड आम्ही घरी आणून ठेवलाय, दारात आहे. रविवारी सकाळी या पोराला घेऊन, वडील घरी असतात, त्यांनी स्वतः मोट हाकलीये.