ऑफिसचं काम व्हॉट्सॲपवरून हद्दपार करावं का?

काटकोन

काम वाटून देणं, मंजुरी घेणं, फाइल पाठवणं, यातलं काहीही व्हॉट्सॲपवर होऊ नये असं माझं ठाम मत आहे. वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिसातही आज ईमेल असतो, आपापसात बोलायला टीम्स किंवा स्लॅकसारखं ऑफिसचं चॅट ॲप असतं, कामांच्या नोंदीची एक्सेल शीट असते आणि या सगळ्यांवर ‘पटकन विचारायला’ व्हॉट्सॲप ग्रुप असतो. ॲप चार आहेत याचा त्रास कमी, एकच विषय चार ठिकाणी विखुरतो याचा जास्त. कोटेशन मेलवर येतं, त्यावर चर्चा टीम्सवर होते, ‘दोन टक्के कमी करून घ्या’ हे व्हॉट्सॲपवर येतं आणि शेवटचा होकार फोनवर. दोन महिन्यांनी अकाउंट्सवाले विचारतात, हा दर मान्य कोणी केला? दाखवायला काही नसतं.

व्हॉट्सॲप नोंद ठेवण्यासाठी बनलेलंच नाही. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांत बदलता येतो, सुमारे अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो. गायब होणारे मेसेज चालू असतील तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी आपोआप साफ. माणूस नोकरी सोडून गेला की संभाषण त्याच्या फोनबरोबर जातं, आणि नवीन माणसाला ग्रुपचा मागचा सगळा इतिहास मिळत नाही.

म्हणून एका प्रकारच्या कामाला एकच जागा हवी. बाहेरच्यांशी मेल. आपापसात टीम्स किंवा स्लॅक, तेही चॅनेलवर. खासगी मेसेजमध्ये ठरलेलं बाकीच्यांना कळत नाही आणि तोच प्रश्न तीन जण विचारतात. करायची कामं शीटवर: काय, कोणी, कधीपर्यंत. खरी आणीबाणी असेल तर सरळ फोन.

गोडाऊन

पूर्ण असहमत. हा विचार सगळे लॅपटॉपवर बसतात अशा ऑफिसपुरता आहे. घाऊक व्यापार, वाहतूक, बांधकाम इथे निम्मी माणसं रस्त्यावर किंवा साइटवर असतात. ट्रक ड्रायव्हर टीम्स उघडणार नाही. बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या मालाच्या पावतीचा) फोटो, पोच पावती, लोकेशन हे व्हॉट्सॲपवरच येणार.

तिथे बिघडतं ते वेगळ्याच कारणांनी. फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बिल्टीचा बारीक नंबर वाचता येत नाही. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. दुसरं, निळी टिक म्हणजे काम स्वीकारलं असा समज. टिक फक्त चॅट उघडल्याचं सांगते. म्हणून उत्तरात गाडी नंबर आणि ‘माल उतरवून घेतला, ४० नग’ एवढं लिहून आलंच पाहिजे. संध्याकाळी एका माणसाने अर्धा तास बसून बिल्टी नंबर, गाडी नंबर, नग, तूट हे शीटमध्ये उतरवायचं. हे होत नसेल तर कुठलंही ॲप आणा, महिनाअखेरीला हिशोब लागणार नाही.

आणि फुकटच्या स्लॅकवर ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत, वर्षापेक्षा जुने तर पुसले जातात. दर कोणी मान्य केला हे तिथे तरी कसं सापडणार?

काटकोन

@गोडाऊन, ड्रायव्हरचा मुद्दा मान्य. बाहेरून येणारी माहिती ज्याला जे जमतं त्यावर येऊ दे. पण मालक आणि अकाउंटंट यांच्यातला दराचा निर्णय त्याच ग्रुपवर बिल्टीच्या पन्नास फोटोंच्या मध्ये होतो, त्याला माझा विरोध आहे.

ओसरी

दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय इथे. ॲप कुठलंही असो, रात्री साडेदहाला साहेबांचा मेसेज आला की उत्तर द्यावंच लागतं, खरी अडचण ती आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबद्दल कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून वेळेबाहेरचा अवाजवी संपर्क नाकारण्याचा हक्क आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक (सरकारचं नाही, एका खासदाराचं) मांडलं, त्याचा कायदा झाला नाही.

कायदा होईपर्यंत निदान साहेबांनी शेड्यूल सेंड, म्हणजे ठरवलेल्या वेळी आपोआप मेसेज पाठवण्याची सोय, वापरावी. जीमेल, स्लॅक, टीम्स, आउटलुक सगळीकडे ती आहे. रात्री सुचलं तर रात्री लिहा, पण सकाळी साडेनऊची वेळ लावा. कॉम्प्युटरवरच्या जुन्या आउटलुकमध्ये पॉप किंवा आयमॅप प्रकारचं मेल खातं असेल तर आउटलुक उघडं राहिलं तरच वेळ लावलेला मेल सुटतो. लॅपटॉप बंद करून झोपलात तर मेल आउटबॉक्समध्येच पडून राहतो.

एडिसनकर

@ओसरी, कामाच्या वेळेचा नियम एका शहरातल्या ऑफिसला ठीक. पुणे आणि न्यू जर्सी मिळून काम चालतं तिथे कोणाची वेळ धरायची? पुण्यात रात्री ८ म्हणजे इथे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. मीटिंग इथल्या वेळेवर बांधलेली असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि पुण्याची ८ ची मीटिंग ९ ला जाते. मुलांच्या जेवणाची वेळ मोडते ती पुण्यातल्या घरात. मार्चपर्यंत तसंच.

अशा कामात वेळेपेक्षा मेसेज कसा लिहिला हे महत्त्वाचं. ‘हाय, आहेस का?’ एवढंच लिहून उत्तराची वाट पाहिली तर एक अख्खा दिवस जातो. पहिल्याच मेसेजमध्ये चार गोष्टी हव्यात: काय हवंय, कुठली फाइल, कधीपर्यंत (दोन्हीकडची वेळ लिहून), आणि उत्तर आलं नाही तर मी काय गृहीत धरून पुढे जाणार. शेवटची गोष्ट बहुतेक जण गाळतात आणि काम तिथेच अडतं.

तळमजला

घरचं कोणी बोलत नाहीये. सोसायटी, शाळा, क्लास, नातेवाईक असे ग्रुप त्याच फोनवर असतात. सोसायटीने दोन ग्रुप करावेत: सूचनांचा, जिथे फक्त ॲडमिन लिहू शकतात, आणि गप्पांचा. वार्षिक सभेची नोटीस मात्र ग्रुपवर टाकून भागलं असं समजू नये. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) ती १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, ती सूचनाफलकावरही लावा.

गप्पांचे ग्रुप कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. तरी आवाज येतो अशी तक्रार असते, त्याचं कारण म्यूट ग्रुपमध्येही कोणी तुमचा उल्लेख केला किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर फोन वाजतो. रात्री डू नॉट डिस्टर्ब लावून आई-वडिलांचे नंबर अपवादात ठेवा आणि पुन्हा येणाऱ्या कॉलची सोय चालू करा. अँड्रॉइडवर त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो. घरच्या सगळ्यांना ‘लगेच दुसऱ्यांदा फोन करा’ एवढंच सांगून ठेवायचं.

निरांजन

@तळमजला, म्यूट करणाऱ्याला शांतता मिळते, पण शाळेचा ग्रुप वाचायचं कोणीतरी उरतंच, आणि बहुतेक घरांत ते आईवर येतं. उद्या पांढरा ड्रेस, परवा प्रोजेक्टचा चार्ट पेपर, हे ‘थँक्यू मॅम’च्या साठ मेसेजमधून तिने शोधायचं. हा ग्रुप म्यूट करण्याचा सल्ला मला मान्य नाही. आलटूनपालटून एकेक आठवडा वाचा. तारीख दिसली की लगेच दोघांच्या सामायिक गूगल कॅलेंडरमध्ये टाका, आठवण दोन दिवस आधीची लावा. आदल्या रात्री आठवलं तर स्टेशनरीचं दुकान बंद झालेलं असतं.

आजी-आजोबांना मात्र नवीन ॲपवर ओढू नका. ते जिथे आहेत तिथेच राहू द्या.

गोडाऊन

@काटकोन, मूळ मुद्द्यावर येतो. दराचा निर्णय शीटवर लिहायचा कोणी? मालक गाडीतून फोनवर हो म्हणतो आणि मोकळा होतो. तो शीट उघडणार नाही, हे धरूनच चाला.

काटकोन

मग ज्याने होकार ऐकला त्याने लिहायचं, फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत, मेलवर: ‘आत्ता फोनवर ठरलं ते असं. दर अमुक, नग अमुक, माल अमुक तारखेला. बदल असल्यास ४ वाजेपर्यंत कळवा, नंतर ऑर्डर सोडतो.’ विषयाच्या ओळीत पार्टीचं नाव आणि ऑर्डर नंबर. मालकाने उत्तर दिलं नाही तरी तारीख-वेळेसकट नोंद राहते, आणि अकाउंट्सला ऑर्डर नंबर टाकून ती शोधता येते.

गोडाऊन

हे जमण्यासारखं आहे. फक्त तोच मजकूर मालकाला व्हॉट्सॲपवरही पाठवा, कारण मेल तो दुसऱ्या दिवशी बघतो आणि तोवर ४ वाजून गेलेले असतात.