कुकरची फुसफुस, नळाची टपटप आणि ती थांबल्यावरचं सुख

मधली_सुट्टी
खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर पंधरा मिनिटं नुसता फुसफुसतोय. शिटी काही होत नाही. चाळीतल्या दुपारी आठवल्या एकदम. म्हणून हा धागा. ज्या कटकटीसाठी माणूस बोलवायला लाज वाटते आणि तशीच सोडली तर डोकं उठतं, तिच्यावरचा उपाय टाका इथे. रामायण नको. कुठला भाग, किती माप, कुठे चुकतं तेवढं सांगा.

सुरुवात त्या कुकरनेच. बाजूने वाफ जात असेल तर लगेच रिंगेवर खापर फोडू नका. आधी झाकणाच्या आणि भांड्याच्या कडेवरून बोट फिरवा. भाताचं एक वाळलेलं शीत चिकटलेलं असलं तरी पुरतं. मग रिंग. ती बोटांनी दुमडायची. दुमडल्यावर बारीक चिरा दिसल्या किंवा प्लास्टिकसारखी ताठ वाटली तर गेली. चिरा नाहीत पण सैल झालीय, तर पाच मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून लावा. हे फक्त आजचा वरणभात निघावा म्हणून. उद्या नवी आणायची. रोज कुकर लागतो त्या घरात रिंग साधारण वर्षभर टिकते.

तिसरं कारण कुणी बघतच नाही: झाकणाच्या दांड्याचा स्क्रू ढिला असतो. अर्धा फेरा आवळला की झाकण नीट बसतं.

शिटी_मोजू_नका
मधलीताई, धाग्याबद्दल आभार, पण शिट्या मोजणं हीच मुळात गडबड आहे. शिटी म्हणजे जादाची वाफ बाहेर पडली, एवढंच. मोठ्या आचेवर चार शिट्या पाच मिनिटांत होतात आणि डाळ कच्ची राहते. पहिली शिटी झाली की आच बारीक करायची आणि घड्याळ लावायचं. तूरडाळ अर्धा तास भिजवलेली, तिच्या अडीच ते तीनपट पाणी, पहिल्या शिटीनंतर आठ ते दहा मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. आत साधारण १२० अंश तापमान असतं, ते गॅस बंद केल्यावर लगेच उतरत नाही. जिरण्याची ती दहा मिनिटंही शिजण्यातच धरा.

शिटीतून पिवळं पाणी उडून ओटा रंगतो त्याचं कारण डाळीचा फेस. अर्धा चमचा तेल घाला, फेस मोडतो. शिवाय डाळ-तांदूळ थेट कुकरात शिजवत असाल तर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. बाकी पदार्थांना दोन तृतीयांश.

पिठलं_भाकरी
डब्यात लावत असाल तर तळाला दोन वाट्या पाणी आणि त्यात पिळलेल्या लिंबाची साल. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही.

शिटी_मोजू_नका
@पिठलं_भाकरी बरोबर. चिंचेचा चोथाही चालतो.
आणि एक राहिलं: शिटी बसते ती नळी रोज उजेडाकडे धरून आरपार बघायची. भोक दिसलं नाही तर सुई घालून साफ करा. ती तुंबली की सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. उडाला तर नवाच बसवायचा, जुगाड करून बुजवायचा नाही.

पक्कड_पाना
आता नळ. टपटप गळणारा नळ दोन जातीचा असतो. उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी जात ओळखा.

चावी चार-पाच फेरे फिरते तो जुना, वायसरवाला. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात पूर्ण उघडतो त्याच्या आत सिरॅमिकच्या चकत्या असतात, त्याला वायसर नसतो.

जुन्यासाठी: आधी खालचा कॉक बंद करा, नसेल तर टाकीचा. नळ उघडून नळीतलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका. हे विसरलात तर मुठीवरचा स्क्रू नेमका त्या जाळीतून जातो. मूठ काढा, खालची षटकोनी मान पान्याने डावीकडे फिरवा, स्पिंडल, म्हणजे आतला फिरता दांडा, बाहेर येईल. त्याच्या बुडाशी रबरी चकती असते, तिच्यावर गोल खाच पडलेली दिसेल. तोच वायसर. अर्ध्या इंची नळाचा मागा, पण जुना बरोबर न्या. बदलल्यावर दोन दिवसांत पुन्हा गळायला लागला तर दोष नळाच्या आतल्या पितळी बैठकीत आहे. ती झिजलीय, आता नळच बदला.

नव्या जातीत आख्खं कार्ट्रिज बदलायचं. दुकानदार त्यालाही स्पिंडलच म्हणतो. त्याच्या टोकाला दाते असतात, ते मोजून जुळवायचे, नाहीतर मूठ बसत नाही.

गळतो म्हणून जोरात आवळू नका. रबर कापलं जातं आणि गळती वाढते. दर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिली धरला तरी चार लिटरच्या वर पाणी गेलं.

ओटा_पुसून_आले
वायसर 😂😂 किती दिवसांनी ऐकला हा शब्द. आमच्याकडे सगळे वॉशर म्हणायला लागलेत.

पक्कड_पाना
ताई, हार्डवेअरवाल्याकडे वॉशर मागितलात तर तो लोखंडी चकती देतो. वायसर म्हटलं की रबरी मिळतो. शब्दाला किंमत आहे 😄

बोअरचं_पाणी
नळाची धार वाकडी येते, चारी बाजूंना उडते, त्यावर? वायसर बदलून काही फरक नाही.

पक्कड_पाना
तो वायसरचा प्रश्नच नाही. तोंडाशी जाळी असते ती क्षारांनी भरलीय. हाताने फिरवून काढा, निघत नसेल तर फडकं गुंडाळून पकडीने. व्हिनेगरमध्ये नाहीतर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून तासभर बुडवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. सोनेरी मुलामा असेल तर आंबट काही लावू नका, डाग पडतात. शॉवरची भोकंही याच पद्धतीने उघडतात. जाळी काढली आहे तोवर नळ क्षणभर सोडून बघा, आतली वाळूही निघून जाते.

अर्धाच_चहा
विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही, पण आल्याचा चहा फाटतो ही कटकटच ना? कच्चं आलं दुधात टाकलं की फाटणारच, त्यातला एक पाचक घटक दुधातली प्रथिनं तोडतो. आलं आधी पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं खळखळ उकळा. उष्णतेने तो घटक निकामी होतो. मग साखर, पावडर आणि शेवटी दूध. दोन कपांसाठी सव्वा कप पाणी, पाऊण कप दूध, पेरभर आलं ठेचून. किसू नका. किसलेलं आलं गाळण्यात अडकून बसतं.

ओटा_पुसून_आले
आणि गुळाचा? तो तर माझा दर वेळी नासतो.

अर्धाच_चहा
गूळ कोऱ्या चहात विरघळवायचा, दूध शेजारच्या शेगडीवर वेगळं गरम करायचं, दोन्हीचा गॅस बंद करून एकत्र करायचं. एकत्र केल्यावर पुन्हा उकळी द्यायची नाही. बहुतेक जण तिथेच चुकतात.

पन्नाशीचा_पंखा
पाचावर ठेवला तरी पंखा पेंगतो? काठीने पातं ढकललं की मग फिरायला लागतो? नव्वद टक्के कपॅसिटर. पंख्याच्या मानेवर जी वाटी असते ती खाली सरकवली की पांढरा किंवा काळा डबीसारखा भाग दिसतो. त्यावर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं. तेवढ्याच आकड्याचा, ४४० व्होल्टचा आणायचा. जास्त आकड्याचा लावला तर पंखा जोरात फिरेल अशी समजूत आहे. प्रत्यक्षात आतलं वाइंडिंग तापतं. वायरी सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जोडणी चुकली तर पंखा उलटा फिरतो आणि वारा छताला.

रिमोटवाला बीएलडीसी पंखा असेल तर हे लागू नाही. त्यात सर्किटचा बोर्ड असतो, तो घरी उघडू नका.

एमसीबी_खाली
@पन्नाशीचा_पंखा काका, महत्त्वाचं राहिलं. बटण बंद करून भागत नाही, एमसीबी, म्हणजे विजेच्या पेटीतला सुरक्षा खटका, पाडायचा. आणि वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये भार साठलेला असू शकतो. मूठ प्लास्टिकची असलेल्या पेचकसाचं टोक त्याच्या दोन्ही वायरींच्या उघड्या टोकांना एकदम टेकवायचं, मगच हात लावायचा. स्टूलवर उभे असताना बारीक झटकासुद्धा माणसाला खाली आणतो.

पन्नाशीचा_पंखा
मान्य. घाईत लिहिलं, नातू शाळेतून यायची वेळ.

ओटा_पुसून_आले
पंख्याचा विषय निघालाच आहे तर: पाती पुसायला जुना उशीचा अभ्रा. पातं अभ्र्यात पूर्ण घालायचं, वरून दोन्ही हातांनी दाबायचं आणि सावकाश ओढायचं. धूळ सगळी आत. खालची गादी झटकावी लागत नाही हे सुख वेगळंच. अभ्रा किंचित ओला हवा. चिंब केलात तर पात्यावर चिखल होतो.

न्यूजर्सीकर
इकडे बहुतेक भाड्याच्या घरांत विजेची कॉइलवाली शेगडी. कुकर लावला की आच बारीक करूनही शिट्या थांबत नाहीत, कारण कॉइल तापलेलीच राहते. दोन कॉइल वापरा: एक मोठ्यावर, दुसरी आधीच दोनावर तापवून ठेवलेली. पहिली शिटी झाली की कुकर उचलून दुसरीवर. काचेच्या सपाट शेगडीवर कुकर ओढू नका, चरे पडतात.

थंड_हवेचं_ठिकाण
शिजण्यावरून आठवलं. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजवली तरी दाताखाली येते ती त्यामुळेच. सहलीला जाताना छोटा कुकर न्यावा. घरच्यापेक्षा दोन मिनिटं जास्त द्यावीत.

पिठलं_भाकरी
सहलीला जाऊन वरणभातच करायचा असेल तर घरीच बसलेलं काय वाईट 😄

गॅस_संपला_का
सिलिंडर पाहुणे आल्यावरच संपतो, त्यावर: ओलं फडकं वरपासून खालपर्यंत फिरवा आणि दोन मिनिटं थांबा. वरचा भाग आधी वाळतो, जिथपर्यंत गॅस द्रवरूपात आहे तो भाग थंड असतो म्हणून ओला राहतो. मधली रेघ म्हणजे तुमची पातळी. शेगडी चालू असताना रेघ जास्त स्पष्ट येते.

नवा घेताना वजन करून घ्या. वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन लिहिलेलं असतं. ते १५.३ असेल तर त्यात १४.२ मिळवायचे, काट्यावर २९.५ किलो यायला हवेत. तिथेच सी-२७ असं काही लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडा सालाचा. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. उलटून गेली असेल तर परत द्या.

टोपण काढल्यावर सुस्स आवाज आला तर आतलं रबरी कडं बघा, तेच फाटलेलं असतं. गळती वाटली तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत. नळी पाच वर्षांनी बदला, तारीख तिच्यावरच छापलेली असते. गळतीसाठी १९०६ हा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा.

शेवटचा_दात
दप्तराची चेन ओढली की मागून उघडत जाते? दात खराब नसतात, सरकणाऱ्या तुकड्याचा जबडा फाकलेला असतो. तो चेनच्या सुरुवातीला आणा आणि मागच्या बाजूने दोन्ही कडा पकडीने हलक्या दाबा. एकदम नाही. थोडं दाबायचं, ओढून बघायचं, पुन्हा थोडं. जास्त दाबला तर हलतच नाही. अडकत चालत असेल तर पेन्सिलचं शिसं किंवा मेणबत्ती घासा. तेल नको, धूळ धरतं आणि वह्यांना डाग पडतात.

कोकणातला_दरवाजा
पावसात दारं फुगतात. लाकूड लांबीत वाढत नाही, रुंदीत वाढतं, म्हणून कडीच्या बाजूला घासतं. जुलैत सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका, जानेवारीत तिथे बोटभर फट दिसते. घासतं तिथे खडूने खूण करा, आधी मेणबत्ती घासा, अगदीच नाही जमलं तर ८० नंबरचा पॉलिश पेपर. खरी मेख दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला आहे. रंगारी तिथे ब्रश फिरवतच नाही, कुणाला दिसत नाही म्हणून, आणि ओल तिथूनच शिरते. एप्रिलमध्ये दार बिजागरीवरून उतरवा आणि त्या दोन कडांना दोन हात व्हार्निश द्या.

पिठलं_भाकरी
आणि स्टीलच्या नव्या भांड्यावरचं लेबल? नखाने काढून काढून नख गेलं.

ओटा_पुसून_आले
भांडं उलट्या बाजूने गॅसवर दहा-पंधरा सेकंद धर, म्हणजे लेबल आचेवर नको, त्याच्या पाठीमागची बाजू. कोपरा उचल, अख्खं सोलून येतं. चिकटा राहिला तर खोबरेल तेल.
एका दमात न फाटता आलं तर बघ कसं वाटतं ते.

मधली_सुट्टी
बापरे, मी जेवून येईपर्यंत एवढं. खालच्या काकूंना रिंगेचं सांगून आले, त्या विचारतायत पाच लिटरची मागायची ना?

शिटी_मोजू_नका
लिटरवर जाऊ नका. पाच लिटरचा उंच आणि पाच लिटरचा बसका, दोन्हींच्या रिंगा वेगळ्या. दांड्यावर नाहीतर बुडाला मॉडेल लिहिलेलं असतं. नसेल तर झाकणच पिशवीत घालून दुकानात न्यायला सांगा.

मधली_सुट्टी
गेल्या झाकण घेऊन.